बेसा रोडवरच्या एका प्लेस्कूलचं नाव कसं ठरलं, पूर्ण प्रकरण

माझा पाटी-बोर्डाचा धंदा असल्यामुळे लोक नाव ठरवून झाल्यावर माझ्याकडे येतात, ठरवायच्या आधी सहसा कोणी येत नाही. या प्रकरणात मी सुरुवातीपासून होतो कारण शाळा काढणाऱ्या म्हणजे माझ्या मित्राच्या मिसेस, आमच्या वहिनी, आणि मित्राने सरळ सांगून टाकलं होतं की भाऊ, बोर्ड तूच करणार आहे ना, मग डोकंही तूच लाव. वहिनींना विचारूनच लिहितो आहे, माणसांची नावं टाकत नाही, बाकी जसं झालं तसं.

परिस्थिती अशी होती. नागपूरचा बेसा-मनीषनगरचा पट्टा, जिथे गेल्या काही वर्षांत फ्लॅट स्कीमवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. वहिनी बरीच वर्षं एका शाळेत नर्सरीला शिकवत होत्या. घर स्वतःचं, खालच्या मजल्यावरचे भाडेकरू गेले आणि तेव्हाच ठरलं की आता दुसऱ्याची नोकरी पुरे. सोबत पार्टनर म्हणून त्यांची नणंद, जी पुण्याहून नुकतीच परत आलेली. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात, त्यामुळे वरवर पाहता वेळ भरपूर दिसत होता. पण नर्सरीच्या चौकशा दिवाळी झाली की सुरू होतात आणि जानेवारीत गेटवर बोर्ड नसेल तर त्या वर्षाची पोरं दुसरीकडे गेलीच समजा. म्हणजे नाव डिसेंबरच्या आत पाहिजे होतं.

आणि एक गोष्ट जी सगळ्यात महत्त्वाची होती पण सुरुवातीला कोणाच्याच डोक्यात नव्हती, ती म्हणजे ही शाळा कोणासाठी. त्या भागात मिहान या उद्योग-क्षेत्रातल्या कंपन्यांत जाणारे लोक राहतात, एम्समधले लोक आहेत, जुने बेसा गावातले लोक आहेत, म्हणजे एकाच सोसायटीत मराठी, हिंदी, छत्तीसगडी, तेलुगू सगळं सापडतं. आईबाप दोघं कामावर, पोराला सोडायला-आणायला आजोबा नाही तर व्हॅनवाले काका. फी आईबाप भरतात पण शाळेचं नाव दिवसभर तोंडात घेणारी माणसं वेगळीच असतात, आजी, व्हॅनवाला, कामवाल्या मावशी, आणि ते तीन वर्षांचं पोट्टं स्वतः.

पहिली यादी फॅमिली ग्रुपवर तयार झाली. आता फॅमिली ग्रुपवर नाव मागणं म्हणजे लग्नात आचाऱ्याला भाजी कोणती करू विचारायला लावणं, प्रत्येकाची वेगळी आणि प्रत्येकाला राग. नणंदेचं म्हणणं ठाम होतं, इंग्लिश नाव पाहिजे, मोठं पाहिजे, 'लिटल जिनियस इंटरनॅशनल प्रीस्कूल अँड डेकेअर'. तिचा मुद्दा अगदी फालतू नव्हता हं. मोठ्या फ्रँचायझी ज्या आहेत, किड्झी, युरोकिड्स वगैरे, त्यांची नावं बघून आईबापांचा कान त्याच पद्धतीला सरावलेला आहे, त्यात किड्स, लिटल, टॉट्स असं काही आलं की लगेच कळतं ही काय चीज आहे. समजावून सांगावं लागत नाही.

मी फक्त बोर्डाचा हिशोब मांडला. गेटवर जागा १० फूट, म्हणजे १२० इंच. हे नाव देवनागरीत लिहिलं तर २३ अक्षरं आणि मधल्या रिकाम्या जागा. एका ओळीत बसवायचं तर अक्षराची उंची साडेचार इंचाच्या आसपास येते. आमच्या धंद्यात ढोबळ हिशोब असा की १ इंचाचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं, म्हणजे हे ४५ फुटांवरून. बेसा रोडवरून गल्लीत वळणाऱ्या गाडीला ४५ फूट म्हणजे काहीच नाही, वाचेपर्यंत ती पुढे गेलेली असते. दोन ओळीत करता येतं, करतातच लोक, पण मग 'लिटल जिनियस' वाचून होतं आणि उरलेलं कोणी वाचत नाही, मग ते लिहिलंच कशाला. शिवाय थ्रीडी ॲक्रिलिक अक्षरांचा भाव अक्षराच्या उंचीवर इंचाने लागतो आणि दर अक्षराला वेगळा, त्यामुळे 'इंटरनॅशनल' या एका शब्दाचीच सात अक्षरं खिशाला लागतात. नणंद म्हणाली, "पैशाचं कारण सांगू नका, ते आमचं आम्ही पाहू." बरोबर आहे, पैशाचं कारण हे खरं कारण नव्हतंच.

खरं कारण वहिनींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, इंटरनॅशनल म्हणजे आपल्याकडे काय आहे इंटरनॅशनल? कोणता बोर्ड, कोणता अभ्यासक्रम? उद्या एखाद्या बापाने विचारलं तर मी काय दाखवू, नकाशा? आणि जिनियस शब्दावर तर त्यांचा जास्तच राग होता, कारण इतकी वर्षं नर्सरीच्या पालकसभेत त्यांनी हेच ऐकलेलं, की मॅडम आमचा अजून एबीसीडी लिहीत नाही. नावातच जिनियस लिहिलं की ही तक्रार आपण पाटी लावून बोलावली.

असंच 'मॉन्टेसरी' शब्दाचं झालं. मित्राने सुचवलं, सगळे लावतात, आपणही लावू. इथे थोडं सांगायला पाहिजे कारण हा गोंधळ फार जणांचा होतो. मारिया मॉन्टेसरी बाईंनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालगृह काढलं, १९३९ मध्ये त्या भारतात आल्या, मद्रासला अड्यारला त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले, आणि युद्धामुळे त्यांचा इथला मुक्काम बराच लांबला. त्यांच्या पद्धतीत तीन ते सहा वयाची पोरं एकाच वर्गात असतात, ठराविक साहित्य असतं, सकाळचा मोठा वेळ पोर आपल्या मनाने सलग काम करतं, आणि शिक्षकाला त्याचं वेगळं ट्रेनिंग लागतं. पण तो शब्द कोणाच्या मालकीचा नाही. अमेरिकेत १९६७ सालीच ट्रेडमार्कच्या प्रकरणात तो सर्वसाधारण शब्द ठरला, आणि आपल्याकडेही दर दोन गल्ल्यांमागे एक मॉन्टेसरी दिसतेच. तर लावायला कोणी अडवत नाही. वहिनींकडे नर्सरी, केजी वन, केजी टू वेगवेगळे वर्ग असणार होते आणि ते ट्रेनिंग त्यांनी घेतलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ज्याला समजतं तो आत येऊन पाच मिनिटात ओळखेल आणि ज्याला समजत नाही त्याला हा शब्द असला काय नसला काय. तो कटला.

मग आबा, म्हणजे वहिनींचे सासरे. त्यांचं म्हणणं थोर माणसाच्या नावाने शाळा असावी, बाल शिवाजी नाही तर बापूजींच्या नावाने काही तरी. आबांना नाही म्हणायची घरात कोणाची हिंमत नाही, पण कायदा कामी आला. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराबद्दलचा १९५० चा एक केंद्राचा कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आहेत, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरता येत नाहीत. आबांना एवढंच सांगितलं की महाराजांच्या नावाने फी घ्यायची का, तर ते स्वतःच म्हणाले, नको बाप्पा.

सासूबाईंना 'अंगण' आवडलं होतं. छान आहे, पण ज्या देशात १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी अंगणवाड्या आता गावोगावी आहेत तिथे 'अंगण' ऐकलं की माणूस पहिले हेच विचारणार की खिचडी मिळते का. 'बालवाटिका' कोणी तरी सुचवलं, तर ते २०२० च्या शैक्षणिक धोरणात पहिलीच्या आधीच्या वर्गाचं नाव म्हणूनच आलेलं आहे, केंद्रीय विद्यालयातही बालवाटिका वर्ग आहेत. वर्गाचं नाव शाळेला देण्यात अर्थ नाही.

आता 'ज्ञानांकुर', 'ज्ञानदीप' हा प्रकार. नागपुरात यात एक खास अडचण आहे जी पुण्यात तेवढी जाणवणार नाही. मराठी माणूस 'ज्ञ' एका तऱ्हेने म्हणतो आणि हिंदी माणूस त्याला सरळ 'ग्य' म्हणतो. एकच पाटी वाचून दोन शेजारी दोन वेगळी नावं घेतात. आणि इंग्रजीत लिहायची वेळ आली की आणखी मजा, कोणी डी-एन-वाय लिहितो, कोणी जी-वाय, कोणी जे-एन, आणि गुगलवर शोधणाऱ्याने जे टाकलं ते आपलं स्पेलिंग नसलं की दुसऱ्याचीच शाळा वर येते. माझ्याकडे येणाऱ्या ऑर्डरमध्ये 'ज्ञ'वाल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग नवरा-बायकोने वेगवेगळं पाठवलेलं मी पाहिलेलं आहे. 'ळ'चं तसंच, हिंदीत तो आपोआप 'ल' होतो. 'च' पण, चाफ्यातला च आणि चिमणीतला च मराठीला वेगळे, बाकीच्यांना एकच.

किलबिल, फुलपाखरू, अंकुर, चिमणपाखरं ही नावं कोणाला आवडणार नाहीत? सगळ्यांनाच आवडतात, हीच अडचण. नकाशावर 'किलबिल' टाकून बघा. आपल्या गल्लीतली कोणती आणि खामल्यातली कोणती हे सांगताना जन्म जाईल, आणि दुसऱ्या किलबिलमध्ये काही भानगड झाली की फोन आपल्याला येणार.

इथपर्यंत आल्यावर वहिनी म्हणाल्या की मी आता ग्रुप म्यूट करते, आणि त्यांनी स्वतःची यादी काढली. ती यादी मला सगळ्यात आवडली होती आणि तिच्यातलं जवळजवळ सगळं पडलं, पण कसं कसं पडलं ते सांगण्यासारखं आहे.

पहिलं 'नंदी'. तान्हा पोळा आपल्याकडचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून पोट्टे घरोघर फिरतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे गोळा करतात. पोरांचा स्वतःचा म्हणावा असा सण, नाव दोन अक्षरी, तोंडात सोपं. मला तर डोळ्यासमोर बोर्ड पण दिसला, चाकावरचा लाकडी बैल. आबांनी एका वाक्यात खलास केलं, "म्हणजे तुझ्या शाळेत पोट्टे नंदीबैलासारखी मान हलवणार का?" गेलं. यावर कोणाकडे उत्तरच नव्हतं.

दुसरं 'पळस'. विदर्भाचं झाड, फेब्रुवारी-मार्चमध्ये उमरेड रोडला, हिंगण्याकडे कुठेही जा, केशरी पेटलेलं असतं, आणि नेमका तोच ॲडमिशनचा सीझन. यावर मित्र म्हणाला, "कुठेही जा, पळसाला पानं तीनच. म्हणजे सगळ्या शाळा सारख्याच, असं आपणच पाटीवर लिहून राहिलो का?" मग वहिनींनी त्यातूनच काढलं, बरं मग 'तीन पानं' ठेवू, नर्सरी, केजी वन, केजी टू, तीन वर्षांची तीन पानं. हे मला खरंच जबरदस्त वाटलं होतं. शेजारच्या हिंदीभाषी काकूंना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या, "तीन पत्ती? बच्चों का स्कूल है ना?" झालं, जुगाराचा अड्डा.

तिसरं 'मनीमाऊ'. मनीषनगरच्या जवळ, मनीमाऊ, पोरांना आवडणारी, म्हणायला सोपी. हे जवळपास फायनल झालं होतं. नणंदेने इंग्रजीत लिहून दाखवलं आणि तिने मनीचं स्पेलिंग जसं सगळे करतील तसं केलं, पैशावालं. प्लेस्कूलच्या फीवरून आधीच लोक टोमणे मारतात, त्यात आपण नावातच पैसा टाकायचा. दुसरं स्पेलिंग करता येत होतं, पण व्हॉट्सॲपवर लोक आपल्याला पाहिजे तसं लिहितात, आपण ठरवलेलं नाही.

या तीन पडलेल्या नावांवरून एक पद्धत मात्र बसली. वहिनींनी ठरवलं की आता घरात चर्चा नाही, नाव बाहेरच्या माणसाच्या तोंडात टाकून बघायचं. चार प्रकारचे लोक निवडले. सोसायटीतली अडीच-तीन वर्षांची पोरं, त्यांना नाव सांगायचं आणि थोड्या वेळाने विचारायचं कुठे जायचं आहे? मराठी न येणारी एक-दोन घरं, त्यांना पाटी दाखवून वाचायला लावायचं. आजी-आजोबा, त्यांना फोनवरून नाव सांगायचं, लिहून दाखवायचं नाही. आणि व्हॅनवाले काका, जे चौकात दुसऱ्या व्हॅनवाल्याला ओरडून सांगतात की मी अमक्या शाळेवर चाललो.

पोरांच्या बाबतीत वहिनींचा अनुभव मोठा आहे. त्यांचं म्हणणं प, ब, म, त, द, न हे आवाज पोरांना लवकर जमतात, र आणि ळ उशिरा, श-स मध्ये गोंधळ असतो आणि जोडाक्षरं तर फारच उशिरा. म्हणजे बघा, 'प्रीस्कूल' हा शब्द प्रीस्कूलमध्ये जाणाऱ्या पोराला म्हणताच येत नाही, तो म्हणतो 'पीकूल'. ते गोडच वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण शाळेचं नावच असं असलं की पोराला ते स्वतःचं म्हणून सांगता येत नाही, मग ते नुसतं 'इस्कूल' म्हणतं. तीन वर्षांच्या पोराला आपल्या शाळेचं नाव घेता यावं ही त्यांची अट बाकी सगळ्यांना थोडी जास्तच वाटली होती, मला पण, पण शाळा त्यांची.

'बदाम' हे नाव कोणी सुचवलंच नाही, म्हणजे नाव म्हणून नाही. घरासमोरच्या अंगणात देशी बदामाचं मोठं झाड आहे, ज्याची पानं गळायच्या आधी लालभडक होतात आणि ज्याची फळं दगडाने फोडून आतली बारीक गिरी पोट्टे खातात. घराचा पत्ता कोणालाही सांगताना वहिनी वर्षानुवर्षं म्हणतात, बदामाच्या झाडाजवळ. गॅसवाला, कुरिअरवाला, सगळे तसंच म्हणतात. व्हॅनवाल्या काकांना बाकी नावं विचारत असताना त्यांनीच कंटाळून म्हटलं, "ते काही ठेवा जी मॅडम, आम्ही बदामवाली शाळाच म्हणणार."

वहिनी त्यावर पटकन काही बोलल्या नाहीत. मला रात्री फोन आला, भाऊ, बदाम कसं वाटतं?

मी म्हटलं बोर्ड मस्त होईल, तीन अक्षरं, पाहिजे तेवढी मोठी करता येतात. मग चारही परीक्षा लावल्या. ब, द, म, तिन्ही पोरांच्या सोप्यातले आवाज, जोडाक्षर नाही, पोरं सरळ म्हणाली, एक-दोन 'बनाम' म्हणाली ते चालतं. मराठीत बदाम, हिंदीत बदाम, तेलुगूवाल्या घरालाही समजलं. फोनवर एकदाच सांगावं लागतं. इंग्रजीत स्पेलिंग सगळे एकच करतात. आणि वर पत्त्यातला लाल बदाम, बदाम सात खेळलेलं नाही असं घर आपल्याकडे नाही, त्यामुळे लोगोचा विचारच करावा लागला नाही. आजी लोकांचा तर बदामावर आधीच विश्वास, रात्री भिजवून सकाळी खाल्ला की डोकं चालतं म्हणून. मी हे मुद्दाम लोकांचा विश्वास म्हणून सांगतो आहे, वहिनींनी पत्रकात त्याचा एक शब्द टाकू दिला नाही, नाही तर पुन्हा जिनियसवरच आलो असतो.

हरकती पण होत्याच. नणंद म्हणाली सुकामेव्याचं दुकान वाटेल, इतवारीत गेल्यासारखं. मधे रील्सवर 'कच्चा बादाम' हे गाणं इतकं गाजलं होतं की कोणी ना कोणी गाऊन दाखवणारच, ते झालंच नंतर, प्रत्येक कॉलेजवाला पोरगा गेटवरून जाताना गातो. आबांचा प्रश्न जास्त खोल होता, उद्या झाड पडलं तर? वहिनी म्हणाल्या, पडलं तर दुसरं लावू, हे झाड वाढायला पटकन वाढतं. आणि दुसऱ्या ब्रँचला झाड नसलं तर लावू. सुकामेव्याच्या हरकतीवर मात्र थांबलो कारण त्यात कायद्याचाही भाग होता.

ट्रेडमार्कमध्ये मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत, शिक्षण ४१ मध्ये येतं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साईटवर फुकट शोधता येतं, आणि नुसतं अक्षरश: नाव टाकून थांबायचं नाही, तिथे उच्चारावरून शोधायचाही पर्याय आहे, तो लावायचा, कारण ऐकायला सारखं असलेलं नाव पण अडवू शकतं. बदाम शोधल्यावर सुकामेवा, मिठाई, तेल यांचीच गर्दी, आणि ते वेगळ्या वर्गांत. ४१ मध्ये आम्हाला थेट आडवं येईल असं काही दिसलं नाही. इथे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याची गंमत आहे. जे नाव मालाचं नुसतं वर्णन करतं ते सहजासहजी नोंदवून मिळत नाही. म्हणजे सुकामेवा विकणाऱ्याने 'बदाम' मागितलं तर अवघड, पण पोरांच्या शाळेशी बदामाचा काहीच संबंध नसल्यामुळे शाळेसाठी तेच नाव भक्कम ठरतं. उलट 'लिटल', 'किड्स', 'प्ले', 'प्रीस्कूल' या शब्दांवर एकट्याचा हक्क कोणालाच मिळत नाही, नणंदेच्या त्या सहा शब्दांच्या नावात स्वतःचं म्हणावं असं जवळपास काहीच नव्हतं. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा जरा नरमली.

नोंदणी नसलेलं नाव पण आधीपासून वापरात असेल तर तो माणूस दावा करू शकतो, म्हणून साईटवर शोधून झाल्यावर नकाशावर, फेसबुकवर, इन्स्टावर पण शोधलं, आणि जवळपासच्या भागात एकदा गाडीवर फिरून पाट्या बघितल्या, कारण कितीतरी घरगुती बालवाड्या ऑनलाइन नसतातच. लोक म्हणाले नागपुरात सिव्हिल लाइन्सला राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्था आहे ना, तिथे जा. ती संस्था प्रशिक्षणाची आहे, अर्ज तिथे देत नाहीत, महाराष्ट्राचे ट्रेडमार्क अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीकडे जातात आणि घरबसल्या ऑनलाइन भरता येतात. एका माणसाच्या नावाने ऑनलाइन भरला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये, नोंदणी झाली की १० वर्षं, मग नूतनीकरण. वकिलाचे पैसे वेगळे. अर्ज कोणाच्या नावाने करायचा यावर मात्र नणंद-भावजयीने आधी बसून लिहून घ्यावं असं मी सांगितलं, आणि त्यांनी भागीदारीच्या करारात टाकून घेतलं की पुढेमागे वेगळं व्हायची वेळ आली तर नाव कोणाकडे राहील. हे बोलायला दोघींना अवघड गेलं. पण दोन मैत्रिणींच्या नावाची पहिली अक्षरं जोडून ठेवलेल्या शाळेचा बोर्ड मी एकदा उतरवून दिलेला आहे, एक मैत्रीण निघून गेल्यावर त्या नावाचं करायचं काय हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत सुटला नव्हता.

खाली काय लिहायचं यावरून शेवटची ओढाताण झाली. नुसतं 'बदाम' लिहिलं तर खरंच दुकान वाटतं, हे मलाही मान्य. वहिनींना 'बालवाडी' पाहिजे होतं. बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, तो सगळा वारसा या शब्दामागे आहे आणि वहिनींनी शिकताना तोच वाचलेला. नणंदेचं म्हणणं बालवाडी म्हटलं की हे मिहानवाले आईबाप फी बघून म्हणतील बालवाडीची एवढी? आणि शोधणारा माणूस फोनमध्ये 'प्रीस्कूल नियर मी' टाकतो, बालवाडी कोणी टाकत नाही. दोघी बरोबर होत्या. शेवटी पाटीवर वर मोठ्या अक्षरात 'बदाम', खाली एका ओळीत 'बालवाडी व प्रीस्कूल', आणि त्याखाली तेच इंग्रजीत, अक्षर मराठीपेक्षा मोठं नाही. दुकानं-आस्थापनांच्या मराठी पाट्यांचा नियम २०२२ पासून छोट्यांनाही लागू झाला, त्यात देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, आणि शाळेला तो कसा लागतो याचा कीस काढत बसण्यापेक्षा तसाच बोर्ड केलेला बरा, माझं सगळ्याच गिऱ्हाईकांना हे सांगणं असतं.

गुगल मॅपवर पण तेच नाव टाकलं जे पाटीवर आहे. तिथे 'बेस्ट प्रीस्कूल इन बेसा मनीषनगर नागपूर' असं शेपूट जोडायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यांच्या नियमात नाव खरं जे वापरात आहे तेच पाहिजे, जास्तीचे शब्द कोंबले की लिस्टिंग बंद पडू शकतं, आणि ॲडमिशनच्या दिवसात बंद पडलं तर रडायची पाळी. गोलातला 'आर' बोर्डावर टाकून दे असं मित्र म्हणत होता, भारी दिसतं म्हणून. नोंदणी झाल्याशिवाय तो लावता येत नाही, 'टीएम' लावता येतं, तेवढंच लावलं.

बोर्ड जानेवारीत लागला. एसीपी शीटवर लाल ॲक्रिलिक अक्षरं, १४ इंच. चौकातून दिसतात.

फोन यायला लागले तेव्हा नावाचा फायदा-तोटा दोन्ही दिसलं. पत्ता कोणालाच दोनदा सांगावा लागत नाही, बाहेरचे आजोबा पण सरळ गेटवर येतात. पण एक आई आत येऊन सगळं बघून गेली, वर्ग आवडले, मॅडम आवडल्या, आणि जाताना म्हणाली की नाव जरा साधंच आहे ना, इंग्लिश मीडियम आहे ना पण नक्की? वहिनींनी सांगितलं की पोर ज्या भाषेत रडतं त्या भाषेत आम्ही आधी बोलतो, मग इंग्रजी गाणी-गोष्टी रोज असतात. ती दुसरीकडे गेली. नणंदेने लगेच "मी म्हटलं नव्हतं का" केलं, आणि ती एकटी नव्हती, अशा आणखी काही चौकशा त्याच प्रश्नावर अडल्या. त्यावर नाव बदलायचा विषय निघाला नाही, फक्त पत्रकाच्या वरच्याच भागात कोणत्या भाषेत काय शिकवतो, वेळ काय, एका बाईकडे किती पोरं, हे ठळक टाकलं, जे आधी मागच्या पानावर होतं. त्यानंतर तो प्रश्न कमी झाला. पूर्ण गेला नाही.

ट्रेडमार्कचा अर्ज भरून झाला आहे. आता परीक्षकाचा अहवाल येईल, त्यात आक्षेप असला तर उत्तर द्यायचं, मग जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं, तोपर्यंत वाट बघायची. साईटवर सध्या 'मार्क्ड फॉर एक्झाम', म्हणजे तपासणीच्या रांगेत, असं दाखवून राहिलं आहे.